मदत हवी आहे: जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, तीनदा हवा काढूनही फरक नाही

नमस्कार मंडळी,

बाबांची गाडी चार वर्षं नुसती उभी होती. यंदा ती पुन्हा रस्त्यावर आणायचीच असं ठरवून काम काढलं. इंजिन, वायरिंग, रेडिएटर सगळं मार्गी लागलं. घोडं अडलंय ते ब्रेकपाशी.

गाडी १९६० च्या दशकातली. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबले जातात), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा (चारही चाकांना ऑइलचा एकच मार्ग). म्हणजे एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो फक्त हँडब्रेक. त्यामुळे पेडल मनासारखं होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढणार नाही.

तक्रार अशी: पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल जवळजवळ दोन तृतीयांश खाली जातं, तेव्हा कुठे ब्रेक धरायला लागतात. तिथेही टणक लागत नाही, ओली गादी दाबल्यासारखं वाटतं. लगेच दोन-तीनदा पंप केलं की पेडल वर येतं. पाय काढून थोडं थांबलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दाबून धरलं तर मात्र आहे तिथेच राहतं. घड्याळ लावून मिनिटभर धरून पाहिलं, खाली सरकत नाही. टाकीतली ऑइलची पातळीही आठवडाभरात उतरलेली नाही.

आतापर्यंत केलेलं काम: मास्टर सिलिंडर नवा टाकला (जुन्याच्या बोअरमध्ये गंजाचे खड्डे होते, बोट फिरवलं तरी लागत होते). सगळ्या व्हील सिलिंडरना (चाकापाशी शू ढकलणारे) नवी किट, ऑइलच्या रबरी नळ्या म्हणजे होज सगळे नवे, शूजना नवे लायनर (ड्रमला घासणारा थर). ड्रमना आतून कडा पडल्या होत्या म्हणून ते लेथवर टर्न करून (आतून थोडे कापून सपाट) घेतले. ब्रेक ऑइल डॉट ४ प्रकारचं, सीलबंद डब्यातलं. ऑइलमधली हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली, निपलला (हवा सोडायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून. तिसऱ्या खेपेला एकही बुडबुडा दिसला नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं तर "जुन्या गाड्यांचं पेडल असंच असतं" असं उत्तर मिळालं. मला ते पटत नाही. बाबा चालवायचे तेव्हा पेडल जेमतेम दोन बोटं खाली जायचं. शेजारी बसून मी ते वर्षानुवर्षं पाहिलंय.

मास्टर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली नव्हती, ती अजून आत अडकली असेल का? की मी भलतीकडेच शोधतोय?

प्रतिसाद: ड्रमवाला

लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं काम झालंच आहे. "पेडल मऊ" या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी असतात आणि त्यांची गल्लत झाली की माणूस उगाच पार्ट बदलत बसतो.

दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टरचे कप (रबरी सील) आतून ऑइल सोडतायत, किंवा बाहेर कुठे गळती आहे. तुमचं तसं नाही, तेव्हा मास्टरला तूर्त हात लावू नका. पेडल खूप खाली जाऊन मग टणक लागलं तर शू आणि ड्रममधली फट जास्त. आणि कुठेही टणकच लागलं नाही, नुसतं स्प्रिंगसारखं दबलं, तर हवा, फुगणारे होज, किंवा वाकणारे शू. तुमच्याकडे मला दुसरी आणि तिसरी तक्रार एकत्र दिसते.

पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे हवाच असणार, असं बरेच जण धरून चालतात. पण फट जास्त असली तरी तेच होतं. शू पूर्ण मागे यायच्या आत तुम्ही पुढचा दाब देता आणि दर वेळी थोडं जास्त ऑइल पुढे जातं.

हँडब्रेक मागच्या शूजवर चालत असेल तर हे करा. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, हँडब्रेक करकचून ओढा आणि पेडल दाबा. पेडल लक्षणीय वर आलं तर मागची फट जास्त आहे. काहीच फरक पडला नाही तर पुढची चाकं बघा.

हवेसाठी टाकीचं झाकण काढून एकाला गॉगल लावून बघायला उभं करा. दुसऱ्याने पाच-सहा वेळा पंप करून पेडल दाबून धरायचं आणि झटकन सोडायचं. आत हवा दबलेली असेल तर परत येणारं ऑइल कारंज्यासारखं उसळतं. थोडीशी हालचाल दिसली तर ती नेहमीचीच. बाजूच्या पत्र्यावर ओला कपडा टाका, ब्रेक ऑइल रंग खातं.

प्रतिसाद: जुनीचाके

दोन गोष्टी. व्हील सिलिंडरचं निपल वरच्या अंगाला आहे ना? चुकून उलटं बसलं तर वरची हवा कधीच निघत नाही, आणि नळीत बुडबुडाही दिसत नाही. दुसरं, ड्रम ब्रेकच्या मास्टरच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असतो, तो पाइपमध्ये साधारण १० पीएसआय दाब राखून ठेवतो. त्या दाबाने व्हील सिलिंडरच्या कपांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात. नव्या मास्टरमध्ये तो आहे का, बघून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कालचा अख्खा दिवस गाडीखाली गेला.

निपल सगळे वर आहेत. चेक व्हॉल्व्ह आहे. टाकीत कारंजं नाही, म्हणजे हवेचा संशय फिटला.

हँडब्रेक ओढला आणि पेडल तीन बोटं वर आलं! मागचे ड्रम उघडले तर डावीकडचा ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट कमी-जास्त करणारा) गंजून जागच्या जागी जाम. तो फिरत नाही म्हणून कधीतरी कुणीतरी हँडब्रेकची केबलच ताणून ठेवली होती. त्यामुळे हँडब्रेक छान लागायचा आणि फट कुणाच्या लक्षात यायची नाही. केबल पूर्ण सैल केली, ॲडजस्टर सोडवून ग्रीस लावला, चाक जाम होईपर्यंत आवळून मोकळं फिरेल इतकं मागे घेतलं. मग पेडल जोरात दाबून शू मध्यावर आणले, पुन्हा आवळले. केबल सगळ्यात शेवटी.

आता पेडल वरच धरतं. पण स्प्रिंगसारखं दबणं थोडं शिल्लक आहे. होज नवे आहेत. मग हे शू वाकणं म्हणजे नक्की काय?

प्रतिसाद: ड्रमवाला

तुम्ही ड्रम टर्न केलेत, तिथेच उत्तर असावं. टर्न केल्यावर ड्रमचा व्यास वाढतो, पण लायनरची गोलाई मूळ मापाचीच राहते. मग लायनर फक्त मधल्या भागात टेकतं आणि दाब वाढला की शूची टोकं ड्रमकडे वाकतात. पायाला तेच स्प्रिंगसारखं लागतं.

लायनरवर आडव्या खडूच्या रेघा ओढा. ड्रम बसवा, चाक फिरवत पेडल हलकंच दाबा आणि उघडून बघा. मधलाच खडू पुसला गेला असेल तर लायनर त्या त्या ड्रमच्या मापाला घासून घ्यायला हवं. हे काम मशीनवर होतं, घरी पॉलिश पेपरने करत बसू नका. आणि शूला जुनं लायनर कुठे राहिलं असेल तर त्याची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही.

ड्रम मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा मोठा झालेला नाही ना, तेही मोजून घ्या. झाला असेल तर ड्रमच बदला.

धागाकर्ता

खडू लावला. पुढच्या दोन्ही चाकांत मधला तळहाताएवढा पट्टा स्वच्छ पुसलेला, दोन्ही टोकांना रेघा जशाच्या तशा. मागे जवळजवळ सगळीकडे टेकतंय. ड्रम मोजले, मर्यादेत आहेत.

पुढचे चारही शू काढून ठेवलेत. कुठला शू कुठल्या ड्रमचा ते रंगाने लिहून ठेवलंय, उद्या ड्रमसकट घासायला देतोय. परत बसवल्यावर पेडल किती बोटं खाली जातं ते इथेच लिहीन.