खायचा सोडा चालतो, तांब्याचा हंडा नाही

रीफ टँकचा (कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा) केएच, म्हणजे पाण्याची क्षारता, वाढवायला महागडी पावडर कुठली घ्यावी, असं एकानं विचारलंय. किराणा दुकानातला खायचा सोडा तेच काम करतो. १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम घातला की केएच साधारण १ डिग्रीने वाढतो. पेलाभर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या धारेत सावकाश ओता. दिवसाला एक डिग्रीच्या पुढे जाऊ नका, नाहीतर कोरलची टोकं जळतात. बेकिंग पावडर मात्र नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

उन्हाळ्यासाठी चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) घेण्याआधी टेबलफॅन पाण्यावर तिरका लावून बघा. लातूर-बीडकडची हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. पण पाणी वाफ होऊन उडतं आणि मीठ मागंच राहतं, म्हणून भर बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच घाला. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर (पाण्यातले क्षार कमीजास्त करायची कळ) असेल तर तो बंद करा. तो बोअरचंच पाणी परत मिसळतो.

पंपावर थर बसला की पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, तासभर भिजवून जुन्या टूथब्रशनं घासा. इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या पात्याची) दांडीही घासा, कुरकुर तिथूनच येते.

आणि हो, पाणी साठवायला माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढू नका! तांब्याचा अंशसुद्धा कोळंबी-गोगलगायींना मारतो. प्लास्टिकचं पिंप घ्या.