सहा माणसं, १६ लाख बजेट : एर्टिगा सीएनजी, रुमियन का कॅरेन्स डिझेल?

अंबडवाला
नमस्कार मंडळी. घरात आम्ही सहा जण, आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन पोरं (एक चौथीत, एक सिनियर केजी). आत्ता जुनी वॅगनआर आहे, ती चांगली चाललीये पण वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वॉकर लागतो आणि सगळे एकत्र कुठे जायचं म्हटलं की दोन फेऱ्या नाहीतर भाड्याची गाडी. ऑन रोड १६ लाखापर्यंत जाऊ शकतो, त्यातलं निम्मं लोन.

रनिंग असं आहे की नाशिकमधेच रोज इंदिरानगर ते अंबड एमआयडीसी जाऊन येऊन, म्हणजे फार तर १४-१५ किमी आणि ते पण सगळं सिग्नल आणि खड्ड्यातलं, कुंभमेळ्याच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी उकरलेला असेल सांगता येत नाही. महिन्यातून एकदा पुणे, बहिणीकडे. कळवणला गाव आहे, सणावाराला तिकडे, आणि आईचं वर्षातून दोनदा तरी वणीला जायचं ठरलेलं.

मला एर्टिगा सीएनजी पटतेय. पण मेहुणे म्हणतात एर्टिगा म्हणजे टॅक्सी, कॅरेन्स क्लाव्हिस डिझेल घे, टॉर्क (ओढायची ताकद) बघ, उभी राहिली तरी रुबाब दिसतो. बायकोचं म्हणणं घ्यायचीच आहे तर टोयोटाची रुमियन घेऊ. आणि खरं सांगतो मला पण इमेजचा विचार येतो, माझं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, पार्ट्यांकडे, म्हणजे गिऱ्हाइकांकडे, जावं लागतं. वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज, यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय.

घाटमाथा
दादा आधी हिशोब करा, मग रुबाब. पेट्रोल आपल्याकडे शंभरीच्या वर आहे, डिझेल नव्वदच्या आसपास. पेट्रोल एर्टिगा सिटी-हायवे मिळून १४ धरा, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. कॅरेन्स डिझेल १७ धरा, साडेपाचच्या आत. फरक दोन रुपयाचा. तुमचं वर्षाचं रनिंग १२ हजार किमी पकडलं तरी २४ हजार वाचतात. आता डिझेल मॉडेल घेताना तेवढ्याच फीचरच्या पेट्रोलपेक्षा किती जास्त मोजावे लागतात ते कोटेशनवर बघा, शिवाय महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पण २ टक्के जास्त, १० ते २० लाखाच्या गाडीला पेट्रोल १२ आणि डिझेल १४. सीएनजीला पेट्रोलपेक्षाही कमी. एवढं सगळं धरलं तर डिझेलचे जास्तीचे पैसे निघायला पाच-सहा वर्षं सहज जातात आणि तोपर्यंत तुमचं लोनही फिटलेलं असेल.

सीएनजी आमच्याकडे आहे, एर्टिगाच. कंपनी २६.११ सांगते, आम्हाला एसी लावून २० ते २२ किमी प्रति किलो मिळतं, किलोमीटरला साडेचार रुपयाच्या आसपास पडतं. पण सीएनजीवर पॉवर ८८ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), पेट्रोलवर १०३. नांदुरीहून वणीचा गड चढताना सहा माणसं आणि एसी असलं की दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव घेत नाही, आम्ही सरळ पेट्रोलवर टाकतो. बटण दाबलं की झालं, त्यात काही कमीपणा नाही.

स्पॅनरपाना
मी गॅरेजमधे काम करतो, अंबडलाच, त्यामुळे डिझेलबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण तुमचं रोजचं रनिंग वाचून मला भीतीच वाटली.

बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) डिझेलला सायलेन्सर लाईनमधे डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी समजा. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, हायवेला सलग चाललं की ते आपोआप होतं. तुमचं सकाळी सात किमी, संध्याकाळी सात किमी, इंजिन धड गरम व्हायच्या आत गाडी बंद. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काय करतो, जाळी साफ करायला जास्तीचं डिझेल मारतो, आणि तेवढ्यात तुम्ही गेटवर पोचून चावी फिरवली की साफसफाई अर्धवट. ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमधे उतरतं. आमच्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा डिपस्टिक ओढली की ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर असतं, पातळ झालेलं असतं, आणि बोटावर घेतलं तर डिझेलचा वास येतो. गिऱ्हाईक म्हणतं, अरे ऑइल तर वाढलंय, चांगलंच आहे की. चांगलं नाही हो, तेच ऑइल टर्बोला जातं.

ज्यांच्याकडे आधीच डिझेल आहे त्यांनी डीपीएफचा दिवा लागला तर गाडी बंद करू नका, पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागा आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे ६०-७० च्या स्पीडने वीस मिनिटं चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. सात-सात किमीवाल्याने हे दर थोड्या दिवसांनी करायचं म्हणजे वाचलेलं डिझेल तिथंच गेलं.

डिझेल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. कॅरेन्सचं १.५ डिझेल, ११६ पीएस पॉवर, २५० एनएम टॉर्क, फार गोड इंजिन आहे, रोज नाशिक-पुणे नाहीतर नाशिक-धुळे करणाऱ्याने डोळे झाकून घ्यावं. तुमचं तसं नाही.

सीएनजीला पण मेंटेनन्स असतो, एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी, ती चुकवू नका.

मायकोसर्कल
वरच्या दादांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. डिझेल इंजेक्टरच्या लाईनमधे माझी सगळी नोकरी झाली, कॉमन रेलमधे (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपात) १६०० बारच्या वर प्रेशर असतं आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमधे मोजतात. पाणी किंवा भेसळ गेली की इंजेक्टर गेला, आणि चारचा सेट बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. गावाकडे कुठल्याही पंपावर टाकी फुल करायची सवय असेल तर डिझेल घेऊ नका. आपलं शहर इतकी वर्षं डिझेलच्या पार्टवर जगलं, मला डिझेलबद्दल प्रेमच आहे, म्हणूनच सांगतोय की ते चुकीच्या कामाला लावू नका.

देवळालीकर
इमेजवर कोणीच बोलेना म्हणून मी लिहिते. माझा इंटिरियरचा व्यवसाय आहे आणि इमेजचा विचार करणं यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही पांढरी एर्टिगा घेऊन मुंबईला एका सोसायटीत गेलो तर वॉचमनने नवऱ्याला विचारलं कुठल्या फ्लॅटचं ड्रॉप आहे. राग आला, नाही असं कसं म्हणू. पण तो राग पांढऱ्या रंगाचा होता! पुढची गाडी पण एर्टिगाच घेतली, गडद निळी, वरचं झेडएक्सआय मॉडेल, अलॉय व्हील असलेली, त्यानंतर एकदाही कोणी असं विचारलं नाही.

रुमियनबद्दल : २०२३ मधे आली, ती एर्टिगाच आहे, मारुतीच बनवून देते, इंजिन तेच के सिरीज १.५, सीएनजीचा ऑप्शन पण तोच. ग्रिल, बंपर आणि लोगो वेगळा. पूर्वी टोयोटाची तीन वर्षं किंवा १ लाख किमी वॉरंटी हा मोठा मुद्दा होता पण २०२४ पासून मारुती पण तेवढीच देते. तरी टोयोटाचा लोगो बघून पार्टीसमोर तुम्हाला बरं वाटणार असेल तर दोन्ही कोटेशन शेजारी ठेवा, फरक १५-२० हजाराचा असेल तर रुमियन घ्या, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. फरक लाखाच्या जवळ गेला तर मी देणार नाही. मारुतीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या कळवणच्या रस्त्यावर पण सापडेल, हे पण धरा.

घाटमाथा
एक गोष्ट राहिली, सेफ्टी. एर्टिगा माझीच आहे तरी सांगणार, २०२४ मधे ग्लोबल एनकॅपने (गाड्या ठोकून सेफ्टीचे स्टार देणारी संस्था) आफ्रिकेत विकली जाणारी भारतात बनलेली एर्टिगा ठोकली तेव्हा मोठ्यांसाठी पाचपैकी १ स्टार आला. तिच्यात दोनच एअरबॅग होत्या, आता आपल्याकडे सहा देतात, पण बॉडी एअरबॅगने बदलत नाही. रुमियनची बॉडी पण तीच. कॅरेन्सला २०२२ मधे ३ स्टार आले होते. पोरं तिसऱ्या रांगेत बसणार असतील तर मागच्या काचेपासून त्यांचं डोकं किती लांब राहतं ते स्वतः बसून बघा आणि बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवू नका, सोसायटीच्या गेटपर्यंत पण नाही.

अंबडवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः डिपस्टिकवाल्या दादांचे, डिझेल आजच यादीतून काढलं. मेहुण्यांना ही चर्चा पाठवली, ते म्हणतात मग कॅरेन्सचं टर्बो पेट्रोल घे :(

स्पॅनरपाना
टर्बो पेट्रोल चालवायला मजा आहे, पण अंबडच्या ट्रॅफिकमधे ॲव्हरेज १० च्या खाली गेलं तर मला फोन करू नका म्हणावं. साधं १.५ पेट्रोल कॅरेन्समधे पण मिळतं, ते बघायला हरकत नाही. तिच्यात मधली सीट एका बटणाने पुढे उलटते, तिसऱ्या रांगेत जाणं सोपं पडतं.

देवळालीकर
आणि कुठलीही घ्या, टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आई-वडील दोघांना न्या. वडिलांना मधल्या रांगेत स्वतःहून चढू द्या, हात देऊ नका, वरचं हँडल हाताला येतं का, पाय उचलताना दार आडवं येतं का बघा. आईंना साडीत चढायला लावा. माझ्या सासूबाईंना एक उंच एसयूव्ही एवढ्याचसाठी नाही म्हणावी लागली, रंग सुद्धा ठरला होता. आणि वॉकर बरोबर न्या, सीएनजीत टाकी मागे असते, तिसरी रांग उघडी ठेवली की वॉकर कुठे जाणार?

अंबडवाला
हा वॉकरचा मुद्दा डोक्यातच नव्हता. सीएनजीत तो घडी करून उभा मावला तर सीएनजी, नाहीतर पेट्रोल, आणि पुण्याला जाताना खर्च थोडा जास्त झाला तरी चालेल. शनिवारी आई-वडिलांना घेऊन दोन्ही शोरूमला जातो. इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात कोणाकडे एर्टिगा नाहीतर रुमियन सीएनजी असेल आणि रविवारी सकाळी पाच मिनिटं डिकी उघडून दाखवता आली तर मेसेज करा, चहा माझ्याकडून.

घाटमाथा
मी राणेनगरला. मेसेज केलाय. वॉकर घेऊन या, तिसरी रांग उघडी ठेवतो.