आराखड्यातली डावी बाजू

कथा-कादंबरी आधी आराखडा आखून लिहिली की पात्रांच्या कळसूत्री बाहुल्या होतात, हे मत मला पटत नाही. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या बहुतेक कादंबऱ्या दरमहा ३२ पानांच्या भागांतून निघत, आणि १८४६ पासून तो प्रत्येक भागासाठी नेमाने आराखड्याचा एक कागद तयार करी. उजव्या बाजूला प्रकरणांचा तपशील असे. डाव्या बाजूला मात्र, अमुक पात्र या भागात आणावे का, असे प्रश्न तो स्वतःलाच विचारी आणि पुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतक्यात नको’ असे लिहून ठेवी. मला ही डावी बाजूच फार मोलाची वाटते, कारण तिथे निर्णय खुला राहतो. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ (१८४९-५०) ही त्याची कादंबरी चालू असताना तिच्यातल्या मिस मॉचर या ठेंगण्या पात्रात स्वतःचेच चित्र दिसल्याने एका शेजारणीने दुखावून पत्र लिहिले, तेव्हा त्याने त्या पात्रासाठी योजलेली भूमिका बाजूला ठेवून पुढच्या एका भागात त्याला सहृदय केले. हा बदल कुठवर झिरपेल, हे त्याला आराखड्यामुळेच दिसले असावे. मीही कथेचा शेवट एका ओळीत आधी लिहून ठेवतो, पण संवाद लिहिताना पात्र अडून बसले, तर तीच ओळ आधी खोडतो.