ऊसतोडीच्या हंगामातली जनगणना
प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारे, नीट फिरत नाहीत म्हणून जनगणनेचे आकडे चुकतात, हे अर्धंच खरं. आमच्या कोल्हापुरातल्या शिरोळ-हातकणंगले भागात फेब्रुवारीत ऊसतोड ऐन भरात असते. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पहाटेच उसाच्या फडात जातात. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, मागं राहतं तान्हं पोर आणि त्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण. ती आईबापांचं वय काय सांगणार? नियमाने यांची नोंद इथंच व्हायला हवी, पण गावाकडची म्हातारी माणसं लेकासुनेची नावं तिथं सांगतात. मग कुणी दोनदा मोजलं जातं, कुणी एकदाही नाही. २०११च्या जनगणनेनंतरच्या पडताळणीत दुबार नोंदी वजा धरूनही दर हजारी २३ माणसं सुटलेली निघाली. २०२७ची गणनाही फेब्रुवारीतच आहे. मुकादमांकडून टोळ्यांच्या याद्या आधीच घ्या आणि कोप्यांवर प्रगणक अंधार पडल्यावरच पाठवा.