टर्बो गाडीच्या स्पार्क प्लगचा गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांतलं अंतर) कमी करावा की आहे तोच ठेवावा?

घाटवेडा:
माझं मत आधीच सांगतो, टर्बो गाडी रिमॅप केली असेल (म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल) तर नवीन प्लग डब्यातून काढून तसेच बसवणं म्हणजे निव्वळ आळस. माझी एक लिटर तीन सिलिंडर, मूळ ११० पीएस, रिमॅप मारून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलेला. प्लग बदलले आणि खंडाळ्याच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की गचके, चेक इंजिनचा दिवा लुकलुक, स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर (इंधन नीट पेटत नाही). सपाटीला मात्र एकदम लोणी. प्लग काढून गॅप मोजले तर ०.७५, ०.९ आणि ०.८ मिमी! तिन्ही ०.७ केले, गचके गायब. ठिणगीला उडी मारायला किती व्होल्टेज लागणार ते गॅप आणि दाब दोन्हीवर ठरतं (पाश्चेनचा नियम), बूस्टने दाब वाढवला तर गॅप कमी करायलाच हवा, ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या कॉईलने किती ओढायचं?

जुना पाना:
गचके गेले मान्य, पण दुखणं गेलं का? बूस्ट तिघांना सारखाच, मग दोन नंबरच का रडतो? कॉईल थकली असणार. तुम्ही लंगड्या बैलाच्या गाडीतलं ओझं उतरवलंत, बैल आहे तसाच आहे. आणि गॅप कमी करण्याची किंमत असते राव. ठिणगी आखूड झाली की पहिली ज्वाळा बारीक पडते, त्यातली उष्णता इलेक्ट्रोडच खाऊन टाकतात. माझ्याकडे एक जण ०.५ करून आलेला, सिग्नलला गाडी ट्रॅक्टरसारखी थरथरायची आणि सकाळी गार असताना दोन-तीन सेल्फ मारल्याशिवाय नाव नाही.

घाटवेडा:
दोन नंबरच का, तर तिथेच ०.९ होता म्हणून! वर लिहिलंय की काका. आणि ०.५ कोण म्हणतंय, मी ०.७ म्हणतोय.

डोंबिवली फास्ट लेन:
तुमचं चालू द्या, पण गॅप कमी केला कशाने ते सांग आधी. इरिडियम प्लगचं मधलं टोक ०.६ मिमीचं, काहींचं तर ०.४, आणि इरिडियम कडक असलं तरी ठिसूळ. ते नाण्यासारखं गोल गेज घुसवून दाबलंस तर टोक गेलंच समज. बाहेरची पट्टी तेवढी हळूच वाकवायची, मधल्या टोकाचा आधार अजिबात घ्यायचा नाही, आणि मोजायचं वायर गेजने. अजून एक, सगळे गॅपवर भांडतात, हीट रेंजचं, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती पटकन बाहेर टाकतो त्याचं, कुणी बोलतच नाही. रिमॅपवाल्याने एक नंबर थंड (उष्णता लवकर टाकणारा) प्लग बघावा. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं, दुकानदारावर सोडलंत तर गरम प्लग घेऊन घरी याल.

जुना पाना:
थंड प्लग रोज घाट चढणाऱ्याला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रांगणाऱ्या गाडीत टोक साडेचारशे-पाचशे डिग्रीच्या वर गेलंच नाही तर कार्बन जळणार कसा, काळे होऊन बसतील. हां, उलट बाजूही खरी, टोक आठशेच्या बरंच वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेट घेतं, आणि टर्बोत तसं झालं तर पिस्टनचं काही खरं नाही. पण त्यासाठी आधी प्लगचा रंग बघा ना, फिकट तपकिरी असेल तर कशाला हात लावताय? आणि घाटवेडा, एक काम कर. तिन्ही ०.८ करून दोन नंबरची कॉईल तीनवर टाक, तीनची दोनवर. पी०३०३ आला, म्हणजे मिसफायर कॉईलसोबत तीनला गेला, तर माझ्याकडून चहा नको, तू पाज.

घाटवेडा:
आज सकाळी केलं. तिन्ही ०.८, कॉईल अदलाबदल, खोपोलीपासून चढाला लागलो. अर्ध्यात दिवा लागला, पी०३०३. चहा कबूल. पण नवीन कॉईल टाकल्यावरही गॅप ०.७ च ठेवणार आहे, कारण कॉईल आज धडधाकट आहे, ५० हजार किमीनंतर नसेल, आणि तोवर प्लगचा गॅपही झिजून वाढलेला असेल.

जुना पाना:
ठेव ०.७, त्याला माझी ना नाही. फक्त ०.६ वर आलास तर परत लिहू नकोस.