समुद्रशास्त्राचं गेलं वर्ष: 6000 मीटरची डुबकी मोठी की किनाऱ्याजवळची मोजणी?

किनारेकर:
2025 मधल्या बातम्या बघा, सगळ्या खोल पाण्याच्या. ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकात उतरले, त्यातला एक 5002 मीटरपर्यंत गेला, सप्टेंबरात कार्ल्सबर्ग रिजवर (हिंदी महासागराच्या तळाची डोंगररांग) धातू असलेले सल्फाइड शोधायचं कंत्राट भारताला मिळालं, आणि पुढचा प्लॅन म्हणजे चेन्नईच्या एनआयओटीची (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) मत्स्य 6000, माणसांना 6000 मीटर खाली नेणारी पाणबुडी. चांगलंच आहे, पण संशोधन संस्थेचं वर्ष कसं गेलं ते यावरून ठरवू नका. गोव्यात दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) 1997 पासून कांदोळीच्या किनाऱ्यासमोर एकाच जागी परत परत जाऊन पाणी मोजतेय. पावसाळा संपत आला की तिथे तळाचा ऑक्सिजन जवळपास संपतो. नमुन्याच्या बाटलीत दोन केमिकल टाकली की गाळ तपकिरी व्हायला हवा, पांढराच राहिला तर ऑक्सिजन नाही समजायचं, कधी कधी तर पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. मला हे काम जास्त मोलाचं वाटतं.

खोलपाणी:
अजिबात पटलं नाही. 26 जानेवारी 1981 ला गवेषणी जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून धातूचे गोटे वर काढले म्हणून 1987 मध्ये आपल्याला पायोनियर इन्व्हेस्टरचा, म्हणजे समुद्रतळावर खनिजं शोधणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक असा, दर्जा मिळाला, आणि आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किमी तळावर गोटे शोधायचा हक्क आपल्याकडे आहे. त्या गोट्यांतलं निकेल-कोबाल्ट काय घरात पिकतं का? 6000 मीटरवर हवेच्या 600 पट दाब असतो, तिथे तीन माणसं सुखरूप नेऊन आणणारा टायटॅनियमचा गोळा देशात बनवणं हेही संशोधनच आहे.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
आमच्या घरी बोट आहे म्हणून सांगतो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठते आणि तळाचा ऑक्सिजन कमी असतो तो काळ एकच. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) मासे कुठे मिळतील तो सल्ला येतो, उपयोगही होतो, पण तो सॅटेलाइटवरून, वरच्या पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून. तळाला काय चाललंय ते सॅटेलाइटला दिसत नाही ना, तिथे बाटलीच सोडावी लागते.

खोलपाणी:
अहो पण भांडण कशाला? 2021 ला मंजूर झालेल्या 4077 कोटींच्या डीप ओशन मिशनमध्ये (मत्स्य ज्यात आहे ती सरकारी योजना) हवामान बदलाचा भागही आहेच की.

किनारेकर:
आहे, मान्य. पण गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, तो जागेवरच राहणारे. या सप्टेंबरातला ऑक्सिजन मोजायचा राहिला तर पाच वर्षांनी कितीही पैसे ओतले तरी मोजता येणार नाही. म्हणून पुढच्या वर्षीच्या प्लॅनमध्ये देवगड-मालवणसमोर कांदोळीसारखं पाणी मोजायचं कायमचं ठाणं हवं.

खोलपाणी:
गोटे राहतील हो, हक्क राहणार नाही. शोधाचं कंत्राट 15 वर्षांचं असतं, तेवढ्यात काम दाखवावंच लागतं. देवगडच्या ठाण्याला माझा पाठिंबा, पण मत्स्यचे पैसे काढून नको.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
पैसे कुठूनही आणा, पण ठाणं झालं तर आकडे मराठीत आणि त्याच आठवड्यात जेटीवर लावा. सीझन संपल्यावर कळून आम्ही काय करणार?