केळं म्हणजे जेंट्स की वांगं? टॉयलेटच्या पाट्यांनी डोकं फिरवलं

जळगावचा_भाऊ:
मंडळी, रविवारी आईला घेऊन धुळ्याहून जळगावला येत होतो, पारोळा सोडल्यावर हायवेवर एका नव्या हॉटेलात जेवायला थांबलो. आई टॉयलेटकडे गेली ती पाच मिनिटं झाली तरी दारासमोरच उभी. जाऊन बघतो तर एका दारावर केळं आणि दुसऱ्यावर वांगं, अक्षर एक नाही! आई म्हणे, "आरे भाऊ, आठे बायासनं कोनतं शे?" मलाही कळेना, कारण ते केळं आणि ते वांगं, दोन्ही नपुंसकलिंगी, व्याकरण लावून पण सुटेना. शेवटी वेटर आला, म्हणे वांगं लेडीज, त्याला जांभळी साडी आहे ना! आई गाडीत जळगावपर्यंत हसत होती, पण ७२ वर्षांच्या बाईला असं ताटकळत ठेवणं मला पटलं नाही. तुम्हाला असं कुठे भेटलं का? आणि मालकाला सांगायचं कसं?

भुसावळची_ताई:
पोट दुखलं हसून 😂 अरे निदान कांदा आणि मिरची तरी लावायची, तो कांदा ती मिरची, लगेच कळलं असतं. आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मला अभिमानच आहे, पण ती ताटात शोभतात. आमच्याकडे एका मंगल कार्यालयात नुसतं इंग्रजी एम आणि डब्ल्यू होतं, मावशीने एम म्हणजे महिला वाचलं आणि थेट आत, आतून नवरदेवाचे दोन काका ओरडतच बाहेर.

नवापूरवाला:
ताई, एमचा घोळ खराच आहे, आपल्या म ची महिला आणि इंग्रजी एमचा मेन. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, घोषणा चार भाषांत होतात. अशा ठिकाणी एका अक्षरावर कसं भागणार, पूर्ण शब्दच पाहिजे. आणि डब्ल्यूसी लिहिलं की अर्धे लोक डब्ल्यू म्हणजे वुमन समजून मागे फिरतात, ते वॉटर क्लोजेट आहे हे कोणाला माहीत.

धुळ्याचा_पेंटर:
मी पाट्याच रंगवतो म्हणून सांगतो. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला जपानी न येणारे पाहुणे येणार म्हणून तिथे अशी चित्रं वापरली आणि मग ती जगभर पसरली. म्हणजे चित्र भाषा न येणाऱ्यासाठी असतं, कोडं घालायला नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, महिला आणि पुरुष मोठ्या अक्षरात, शेजारी साधं बाई-माणसाचं चित्र, आणि पाटी दाराच्या बाजूला भिंतीवर, कारण दार उघडं राहिलं की दारावरची पाटी दिसतच नाही. मालकाला तुमच्या आईचा किस्सा जसाच्या तसा सांगा, भांडायची गरज नाही.

जळगावचा_भाऊ:
दादा, आत्ताच फोन केला, मालक आधी हसला मग म्हणाला शब्द लिहून घेतो. आईला सांगितलं तर म्हणे, "केयं पुसू नका म्हनावं, खाले नाव टाकी द्या." म्हणजे केळं पुसून टाकू नका, खाली नाव लिहा!